कोर्ट उठेपर्यंत

माझे वडील हिरामण आमच्या गावचे कोटवार होते. एकोणीसशे सत्त्याऐंशीच्या मार्च महिन्यात, एका मंगळवारी, पांढुर्ण्याच्या कॅम्प कोर्टात त्यांना शिक्षा झाली आणि साडेतीन तासांत ती भोगून संपलीही. तिच्यात तुरुंग नव्हता. न्यायाधीश खुर्चीवरून उठेपर्यंत त्याच खोलीत भिंतीलगत बसून राहायचे, एवढेच. लोक हसत होते. हसण्यासारखेच होते ते. दोन वर्षे झाली. त्या खोलीतला भिंतीचा पोपडा, टेबलावरचे हिरवे कापड, पंख्याची कुरकुर हे सारे मला जसेच्या तसे दिसते. फक्त माझा स्वतःचा चेहरा दिसत नाही.

कोटवार म्हणजे गावातला सरकारचा सर्वांत शेवटचा माणूस. जन्ममृत्यूची वर्दी ठाण्यावर द्यायची, समन्स ज्याच्या त्याच्या हातात पोचवायचे, पंचनाम्याला पंच गोळा करायचे, आलेल्या साहेबापुढे चालायचे आणि दवंडी द्यायची. छप्पन्न सालच्या धम्मदीक्षेनंतर आमच्या वस्तीने डफडे सोडले. वडिलांनीही सोडले. पण दवंडी सरकारची होती, म्हणून त्यांनी रॉकेलचा रिकामा डबा घेतला आणि बाभळीच्या काडीने तो वाजवू लागले. प्रत्येक घरासमोर थांबून ते मजकूर सांगत आणि विचारत, "ऐकलं का?" आतून कुणीतरी "ऐकलं" म्हटल्याशिवाय त्यांचे पाऊल पुढे पडत नसे. पुढे कुणी 'आम्हाले सांगतलंच नाई' म्हणायला नको, हा त्यांचा कायदा.

मला त्या डब्याची लाज वाटे. कॉलेजात कुणी वडिलांविषयी विचारले तर मी 'सरकारी नोकरीत आहेत' एवढेच पुटपुटत असे. पगार नावापुरताच होता. खरा आधार होता कोटवारीच्या चार एकर जमिनीचा. कोटवारी आहे तोवर जमीन. तिच्यात आई कापूस लावी, आणि त्या कापसावर मी रोज पांढुर्ण्याहून पॅसेंजरने नागपूरला जाऊन कायदा शिकत होतो.

पहिल्या वर्षाला विषय पुष्कळ होते, पण माझा जीव जडला तो इंग्लंडच्या न्यायालयांच्या इतिहासावर. का, ते मला सांगता येणार नाही. ज्याला माणसांत बोलता येत नाही त्याला कदाचित मेलेल्या माणसांचे भांडण बरे वाटत असावे. गाडीच्या खिडकीशी बसून मी वाचत असे: आरोपीने तापलेले लोखंड हातात धरून नऊ पावले चालायचे, हात बांधून ठेवायचा आणि तिसऱ्या दिवशी जखम पाहून त्याचा खरेखोटेपणा ठरवायचा. मग बाराशे पंधरा साली धर्मगुरूंना या परीक्षेतून अंग काढायला सांगितले गेले आणि न्याय हळूहळू बारा शेजाऱ्यांच्या तोंडी आला. राजाचे न्यायाधीश घोड्यावर बसून गावोगाव फिरू लागले. वेगवेगळ्या मुलखांचे वेगवेगळे रिवाज त्यांच्या टापांखाली एक होत गेले. पुढे कित्येक शतके राजाची मर्जी फिरली की न्यायाधीशाची खुर्ची जाई. सतराशे एक साली तेही संपले. वर्तन चांगले आहे तोवर खुर्ची त्याची, असा कायदा झाला. त्या ओळीखाली मी लाल रेघ ओढली होती.

संध्याकाळी मी हे वडिलांना सांगे. घरात मला बोलता येत असे. ते डब्याचा पोचा ठोकत ऐकत.

"घोड्यावर यायचे म्हनतं? मंग त्यायच्या पुढं वर्दी द्याले कोन जाये?"

"शेरीफ म्हणून अधिकारी असे. त्याची माणसं जात. लोकांना जमवत, पंच गोळा करत."

"म्हंजे कोटवारच ना!" वडील आईकडे वळून म्हणाले, "पाह्यलं का वत्सला, तेथीबी कोटवार होते."

"असतीन," आई म्हणाली. "त्यायच्या बायका कापूसच येचत असतीन."

त्याच हिवाळ्यात दत्तात्रय पटेलांनी संत्र्याच्या बागेला नवी काटेरी तार घातली. ते गावचे पटेल, आणि आसपासची सर्वांत मोठी बाग त्यांचीच. तारेच्या आत आमच्या वस्तीच्या मसणवटीची वाट गेली. सरकारी जागेवर कुणी अतिक्रमण केले तर तहसिलीत कळवणे हे कोटवाराचे काम. वडिलांनी कळवले. अर्ज मीच लिहिला होता, सुवाच्य अक्षरात.

आठव्या दिवशी आमच्या मागच्या भिंतीला टेकवलेली संत्र्यांची दोन पोती सापडली. पटेलांच्या चोरीच्या तक्रारीवरून पोलीस आले. पंचनाम्याला पंच हवे होते, आणि पंच बोलावणे हे कोटवाराचे काम; तेव्हा वडील स्वतःच गावात जाऊन दोन पंच घेऊन आले. हवालदाराला बसायला खाटही त्यांनीच टाकली.

पहिल्या दोन तारखा सौंसरच्या कोर्टात झाल्या. आमचे वकील प्रभाकरराव क्वचितच दिसत. काम पाही त्यांचा मुन्शी शालिकराम. पान खाणारा, सगळ्यांच्या खांद्यावर हात टाकणारा माणूस. तो वाईट नव्हता. त्याला फायली संपलेल्या आवडत, इतकेच.

"हिरामणभाऊ, कायले घाबरता? जामसांवलीले मारुतीजवळ एक नारळ फोडून टाका."

"आमचं नाई जमत ते, मुन्शीजी."

"मंग बुद्धाले फोडा! नारळाले काय समजते?" तो स्वतःच मोठ्याने हसला आणि मग आवाज उतरवून म्हणाला, "पाहा, पुढची तारीख पांढुर्ण्याच्या कॅम्पात हाये. तेथी साहेब एका दिवसात तीस-चाळीस बारीक फायली काढते. कबूल हाये म्हना, कोर्ट उठेस्तोवर बसा, अन् घरी जा. साहेब खुश, तुमी खुश. नाई म्हनान तं दोन वर्ष सौंसरच्या बसमधी बसान."

वडिलांनी माझ्याकडे पाहिले. परतीच्या बसमध्ये मी त्यांना सांगितले. नागपूरच्या ग्रंथालयात मी नियम पाहून आलो होतो. चोरीच्या गुन्ह्यात शिक्षा झालेल्या माणसाकडे कोटवारी राहत नाही, मग ती शिक्षा एका तासाची का असेना. आणि ज्याने स्वतःच गुन्हा कबूल केला त्याला त्याविरुद्ध अपीलही करता येत नाही.

"म्हंजे जमीन जाते?"

"जाते."

त्यांनी खिडकीबाहेरच्या बागांकडे पाहिले. मग म्हणाले, "मंग नाई म्हनतो. केलं नाई तं कबूल कायले करू? फक्त तू संग राहाजो."

मी 'हो' म्हणालो.

तारखेच्या आदल्या दिवशी संध्याकाळी आम्ही तालीम केली. आई खाटेवर न्यायाधीश होऊन बसली. वडील समोर हात जोडून उभे. मी आईला प्रश्न शिकवला होता. न्यायालयाची भाषा हिंदी, तेव्हा प्रश्नही हिंदीतच.

"हिरामण वल्द कवडू," आई कवडूआजोबांचे नाव घेताना डोक्यावरचा पदर सावरत म्हणाली, "जुर्म कबूल है?"

"जी हुजूर, कबूल नहीं," वडील म्हणाले.

आईला हसू आवरेना. "हुजूर म्हनते मले! पंचवीस वर्षात एकदा तरी अशी इज्जत देली का तुमी?"

"बाबा, 'जी हुजूर' नका म्हणू. नुसतं 'नहीं' म्हणा."

"बरं."

आई पुन्हा म्हणाली, "जुर्म कबूल है?"

"जी हुजूर, नहीं."

पाच-सहा वेळा झाले. दरवेळी 'जी हुजूर' आधी आले. तीस वर्षे ज्या माणसाने प्रत्येक साहेबाच्या प्रत्येक वाक्याला ते दोन शब्द देऊन मगच पुढचे सांगितले, त्याच्या जिभेवर ते श्वासासारखे बसले होते. मला ते लक्षात आले. आणि मी ते सोडून दिले. पुढचा शब्द बरोबर येतो आहे ना, मग पुरे, असे मला वाटले. शिवाय आई हसत होती, वडीलही हसू लागले होते, आणि त्या घरात कित्येक दिवसांनी हसू आले होते.

मंगळवारी आम्ही पायी पांढुर्ण्याला गेलो. कॅम्प कोर्ट विश्रामगृहाच्या एका लांबट खोलीत भरे. वडिलांनी धुतलेला खाकी सदरा घातला होता, छातीवर कोटवाराचा पितळी बिल्ला. व्हरांड्यात संत्री, बिड्या आणि घामाचा वास. कोर्टाच्या शिपायाने वडिलांना ओळखले, "काय कोटवार, आज कोनाले घेऊन आले?" वडील म्हणाले, "मलेच." त्यावर आजूबाजूचे खदखदून हसले.

प्रभाकरराव दोन वाजेपर्यंत येतील असे शालिकराम सांगत होता. पुकारा दीड वाजता झाला.

"हिरामण वल्द कवडू, हाजिर हो!"

वडील आत गेले. मी त्यांच्यामागे चार पावलांवर, दाराच्या चौकटीशी. बाकावर दत्तात्रय पटेल, मांडीवर टोपी ठेवून. न्यायाधीश तरुण होते, थकलेले होते. त्यांच्यासमोर फायलींचा गठ्ठा होता आणि तो जेवणाआधी अर्धा करायचा होता. त्यांनी कागदावरून वाचले, की अमुक तारखेला तू दत्तात्रय यांच्या बागेतून दोन पोती संत्री चोरली, असा तुझ्यावर आरोप आहे.

"जुर्म कबूल है?"

"जी हुजूर..."

पेन खाली गेले आणि लिहू लागले.

कोटवाराचा एक नियम असतो, वडिलांनी तो मला लहानपणीच सांगितला होता: साहेब लिहीत असताना बोलायचे नाही. लिहिणे थांबले, मान वर झाली, की मग बोलायचे. ते थांबले. त्यांचे ओठ किंचित उघडे होते. उरलेला शब्द आत तसाच धरून ते अदबीने त्या पेनाकडे पाहत होते. तालमीत आई लिहीत नव्हती. माझ्या ते ध्यानातच आले नव्हते.

मी वाक्य जुळवले. 'हुजूर, इनकी बात पूरी नहीं हुई.' वाक्य बरोबर होते. मग मला दिसले की मी बोललो तर त्या खोलीतली तीसेक डोकी एकाच वेळी माझ्याकडे वळतील. काळ्या कोटातले वकील माझ्या चपलांकडे पाहतील. साहेब विचारतील, तू कोण? आणि मला त्या भरल्या खोलीत सांगावे लागेल की मी कोटवाराचा मुलगा.

न्यायाधीशांनी मान वर केली. ते घाईत होते, पण अन्यायी नव्हते. त्यांनी विचारले, "और कुछ कहना है?"

वडिलांनी वळून माझ्याकडे पाहिले.

त्यांना शब्द आठवत नव्हता असे नाही. पण साहेबाने लिहून टाकले होते, आणि लिहिलेल्यावर बोलायचे की नाही हे त्यांना माहीत नव्हते. ते मला माहीत असणार, असा त्यांचा विश्वास होता. मी कायदा शिकत होतो. मी नुसती मान हलवली असती तरी चालले असते.

मी खाली पाहिले. फरशीवर कुणाच्या तरी चपलेची ओली खूण होती, ती पाहिली.

"नहीं हुजूर," वडील म्हणाले.

शिक्षा झाली. शालिकरामने दारात मला कोपराने ढोसले, "शेवटी बापच हुशार निंगाला तुह्या! वकिलाचीबी गरज नाई पडली." वडील भिंतीलगत जमिनीवर बसले. दोनच्या सुमारास न्यायाधीशांना पाणी हवे होते. शिपाई सवयीने म्हणाला, "कोटवार, जरा पानी आन," आणि वडील सवयीने उठले. शिपायाला एकदम आठवले. "अरे बस, बस! तू तं सजा भोगून राहिला." खोलीभर हसू पसरले. वडीलही हसले, पुन्हा बसले, आणि बिल्ला हातरुमालाने पुसत राहिले. पटेल हसले नाहीत. ते उठले, टोपी घातली आणि निकालाची नक्कल कधी मिळेल ते कारकुनाला विचारून निघून गेले.

मी व्हरांड्याच्या पायरीवर बसलो. माझ्या पिशवीत वही होती, आणि वहीत त्याच आठवड्यात उतरवलेले एक पान होते. जुन्या इंग्लंडात कबूलही नाही आणि नाकबूलही नाही, असा मुका उभा राहणाऱ्या आरोपीवर खटलाच चालवता येत नसे. तेव्हा त्याला जमिनीवर पालथे नव्हे, उताणे निजवत आणि छातीवर दगड ठेवत जात, तो बोलेपर्यंत किंवा मरेपर्यंत. काहीजण मरत, पण बोलत नसत, कारण दोषी ठरून मेले तर मालमत्ता राजाकडे जाई आणि मुकेपणी मेले तर मुलांकडे राही. शेवटी अठराशे सत्तावीस साली कायदा झाला की जो गप्प राहील त्याचे उत्तर 'गुन्हा केला नाही' असेच धरावे. आपल्याकडेही जो गप्प राहतो त्याच्यावर नुसत्या गप्प राहण्याने गुन्हा बसत नाही. म्हणजे त्या दुपारी वडिलांनी तोंड मुळीच उघडले नसते तरी चार एकर वाचले असते. गप्प राहायचे त्यांनी होते आणि बोलायचे मी; माणसे आम्ही चुकीची निवडली होती.

पाच वाजता न्यायाधीश उठले. सगळे उभे राहिले. वडीलही उभे राहिले. पाय आखडले होते म्हणून भिंतीचा आधार घेतला. साहेबांची जीप निघाली तेव्हा रस्त्यातली बकरी त्यांनी धावत जाऊन हाकलली.

घरी जाताना नाला लागला. मग ते म्हणाले, "तू काई म्हनला नाई, म्हनून मले वाटलं का बरोबरच झालं असन."

"बाबा..."

"बरोबर नाई झालं का?"

मी सांगितले. ते चालत राहिले. मला वाटले होते ते रागावतील. ते फक्त म्हणाले, "मंग वत्सलाले आज नको सांगू. आज तिनं पुरनाच्या पोळ्या केल्या असतीन."

तिने केल्या होत्या.

परीक्षा एप्रिलमध्ये झाली. इतिहासाच्या पेपरात प्रश्न आला: न्यायाधीशांच्या स्वातंत्र्याचा इंग्लंडमधील विकास सविस्तर लिहा. मी अकरा पाने लिहिली. सतराशे एक सालावर दोन पाने लिहिली: वर्तन चांगले असेपर्यंत खुर्ची, मर्जी असेपर्यंत नव्हे. वर्गात सर्वाधिक गुण मला पडले. वडिलांना मी ते सांगितले नाही.

मे महिन्यात तहसिलीतून दोन कागद आले. पहिला वडिलांना पदावरून दूर केल्याचा आदेश. तो हिरामण वल्द कवडू यास गावच्या कोटवारामार्फत बजावायचा होता. वडिलांनी मला वाचायला लावला, मग खाली दोन ठिकाणी सही केली, एकदा घेणारा म्हणून आणि एकदा देणारा म्हणून. त्यांना सही येत होती. हळू, पण येत होती. दुसऱ्या कागदात कोटवाराची जागा रिकामी झाल्याची दवंडी गावभर द्यावी, इच्छुकांनी पंधरा दिवसांत अर्ज करावेत, असे होते.

त्यांनी खुंटीवरचा डबा काढला.

आई दारात आडवी आली. "काई गरज नाई! ज्याले लागते तो येऊन दीन दवंडी. लाज नाई वाटत त्यायले, तुमालेच सांगते?"

"बाबा, नका जाऊ," मी म्हणालो. घरात मला बोलता येत होते.

"नवा मानूस येईस्तोवर कोन करीन बे?" वडील म्हणाले. "अन् हे मीनंच नाई सांगतलं, तं उद्या आपलेच पोट्टे म्हनतीन, आमाले मालूमच नोयतं. एखाद्याले अर्ज करायचा असन."

ते गेले. गावाच्या त्या टोकापासून डब्याचा आवाज येऊ लागला. घरामागून घर, आणि प्रत्येक घरानंतर तो प्रश्न, आणि मग आतून कुणाचे तरी उत्तर. पटेलांच्या वाड्यासमोर उत्तर लवकर आले असावे. डबा लगेच पुढे सरकला. पुढे तिथल्या सालगड्याचा एकच अर्ज आला, आणि आमची चार एकर त्याच्या नावावर, म्हणजे पटेलांच्या तारेत, गेली. पण ते नंतरचे.

उन्हे कलताना ते आमच्या गल्लीत आले. मला वाटले, आमचे घर तरी ते सोडतील. ते थांबले. बाहेर, उंबऱ्यापासून चार पावलांवर. डबा तीनदा वाजवला. इतरांसमोर सांगितला तसाच, एकही शब्द न गाळता, सारा मजकूर सांगितला. घाम त्यांच्या कानामागून खाली उतरत होता आणि सदऱ्यावर, जिथे बिल्ला असे, तिथे कापड गडद राहिले होते.

"ऐकलं का?" त्यांनी विचारले.

आई चुलीपाशी होती. तिने पाठ फिरवली.

वडील उभेच राहिले. उत्तराशिवाय ते पुढे जात नसत. गल्लीतली माणसे दारांत येऊन पाहू लागली. ते माझ्याकडे पाहत होते, राग न धरता, विश्रामगृहाच्या खोलीत पाहिले होते अगदी तसेच.

"ऐकलं," मी म्हणालो.

माझा आवाज स्पष्ट आला, गल्लीच्या टोकापर्यंत गेला. वडिलांनी मान डोलावली आणि ते पुढच्या घराकडे वळले.